घरगुती सीएनसी राउटरची कुळकथा

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी कागदाचा मोठा ताव गुंडाळून माझ्या घरीं आला. तावाच्या मधोमध रेघ ओढून त्यानें दोन रकाने पाडले होते. एकाच्या डोक्यावर ‘हार्डवेअर’ आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ‘सॉफ्टवेअर’ असें लिहिलें होतें. घराण्याचा धंदा सुतारकामाचा. देव्हारे, चौकटींवरील नक्षी, झोपाळ्याच्या पाटाच्या कडा, हें त्यांचें पिढीजात काम. आतां त्याला घरच्या पडवींत सीएनसी राउटर उभा करावयाचा होता. बाजारांतील तयार यंत्राची किंमत आवांक्याबाहेरची. म्हणून सुटे भाग आणून आपणच जुळवावयाचे, असा त्याचा बेत होता. भाग निवडतांना मात्र त्याची मति गुंग झाली होती. प्रत्येक ओळींत दोन-तीन पर्याय, आणि प्रत्येकापुढें प्रश्नचिन्ह!

ज्यांना हें यंत्र ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. एक भक्कम टेबल. त्यावर आडवी तुळई, तिला गॅन्ट्री म्हणतात. तुळईवर मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेणारा स्पिंडल, आणि त्याच्या टोकाला कापणारें पातें. तुळई पुढें-मागें जाते. स्पिंडल तिच्यावरून डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि वर-खालीं होतो. या तीन हालचालींना एक्स, वाय आणि झेड अशीं नांवें आहेत. कोणत्या क्षणीं कोठें जावयाचें हें अंकांनीं लिहिलेलें असतें, आणि ते अंक संगणक वाचतो. मनुष्याचा हात फळी बांधतो व फळी सोडतो. मधलें सारें काम अंकांच्या हुकुमानें होतें.

विद्यार्थ्याबरोबर त्याचे वडील आले होते. वयानें माझ्याहून वडील. चाळीस-पन्नास वर्षें पटाशी धरून उजव्या तळहाताला घट्टा पडलेला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, पोरगा म्हणतो कीं हें यंत्र संगणकांत काढलेल्या चित्रावरून कोरतें. मग माझ्या हातचें काम त्याला कधीं कळायचें? का तें मला विचारणारच नाहीं?”

मी पडलों इतिहासाचा शिक्षक. यंत्रांतलें मला जें कळतें तें पुस्तकांतून. परंतु तो ताव वाचतां वाचतां असें ध्यानांत आलें कीं, त्या रकान्यांतील प्रत्येक वस्तूला एक कुळकथा आहे. आणि गंमत अशी कीं, वडिलांचा तो प्रश्नही सुमारें ऐंशी वर्षांपूर्वीं एकदां उपस्थित झालेला आहे. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तावावरची पहिली ओळ ‘स्क्रू’ अशी होती. मोटर गोल फिरते, आणि पातें तर सरळ रेषेंत जावयास हवें. हें रूपांतर करतो तो आटे पाडलेला दांडा. दांड्याचे आटे जितके सारखे तितकी यंत्राची चाल खरी. सारखे आटे पाडण्याची विद्या पक्की केली ती लंडनच्या हेन्री मॉड्सले यांनीं. इ. स. १८०० च्या सुमारास त्यांनीं असा लेथ बनविला कीं, ज्यांत कापणारें हत्यार कारागिराच्या मुठींत न राहतां एका सरकत्या बैठकींत घट्ट बसे, आणि एक मूळ स्क्रू त्या बैठकीला ठराविक गतीनें ओढीत नेई. हत्यार मुठींतून सुटलें तें येथें.

लांकडाच्या बाबतींत पुढची पायरी अमेरिकेंत पडली. बंदुकीचा लांकडी दस्ता हा मोठा चमत्कारिक आकार असतो. त्यांत सरळ रेघ जवळजवळ नाहींच. तो हातानें तासावयास फार वेळ लागे. मॅसॅच्युसेट्समधील टॉमस ब्लँचर्ड यांनीं १८१९ सालीं त्यावर युक्ति काढली. यंत्राच्या एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरत राही. त्याच्या अंगाला टेकून एक चाक हाले, आणि तें जसें हाले तसेंच दुसऱ्या बाजूचें कापणारें चाक कोऱ्या लांकडावर हाले. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारांत या पद्धतीचीं यंत्रें चाललीं. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या यंत्राला अंक ठाऊक नव्हते. त्याला नमुना लागे, आणि पहिला नमुना कोणातरी कारागिराच्या हातूनच उतरलेला असे.

फ्रान्समधील लियों शहरांत थोडें आधीं निराळीच गोष्ट घडली होती. जोसेफ मारी जॅकार्ड यांनीं १८०४ च्या सुमारास आपला माग सिद्ध केला. त्याला पुठ्ठ्याचीं छिद्रें पाडलेलीं पानें लागत. छिद्र असेल तेथें सूत उचललें जाई, नसेल तेथें खालीं राही. जॅकार्ड यांच्या मृत्यूनंतर, १८३९ सालीं, त्यांचेंच चित्र रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें चोवीस हजार पानें लागलीं. आपल्या सोलापुरी चादरीवरील नक्षी उठते ती याच मागाच्या वंशजांवर. म्हणजे एक घराणें नमुना चांचपून चालणाऱ्या यंत्रांचें, आणि दुसरें लिहिलेली आज्ञा वाचून चालणाऱ्या यंत्रांचें. दोन्ही घराणीं शंभर-सवाशें वर्षें आपापल्या घरीं नांदलीं. त्यांचा झगडा लागला तो दुसरें महायुद्ध संपल्यावर.

अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत ट्रॅव्हर्स सिटी नांवाचें गांव आहे. तेथें जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. युद्धाच्या काळांत हेलिकॉप्टरचे फिरते पंख करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पंखाचा आडवा छेद एका विशिष्ट वक्राचा असतो. त्या वक्रावरील मोजकेच बिंदु कारखान्याला मिळत. मधली रेघ कारागिरानें नजरेनें व हातानें पुरी करावयाची. पुढें फ्रँक स्ट्यूलेन नांवाचे अभियंते पार्सन्स यांना येऊन मिळाले. हिशेबाच्या कामासाठीं बनविलेल्या आयबीएम कंपनीच्या छिद्रपत्र-यंत्रांवर त्यांनीं वक्राचे बिंदु काढावयास आरंभ केला. मोजक्या बिंदूंच्या जागीं दोनशें बिंदु हातीं येऊं लागले.

मग हे बिंदु धातूवर उतरविण्याची तऱ्हा पाहा. एक माणूस तक्ता हातांत घेऊन आंकडे मोठ्यानें वाची. दुसरा एक्सची मूठ फिरवी, तिसरा वायची. दोघेही आंकड्यावर पोंचले कीं पातें खालीं उतरे. मग पुढचा आंकडा. मधले उंचवटे शेवटीं कानशीनें घासून काढावयाचे. आम्ही वर्गांत मुलांना शुद्धलेखन घालीत असूं, त्यांतलाच हा प्रकार! काम कंटाळवाणें खरें, पण वक्र पूर्वीपेक्षां पुष्कळ अचूक उतरे. पार्सन्स यांच्या मनांत आलें कीं, वाचणारा आणि मुठी फिरविणारे या तिघांच्या जागीं छिद्रपत्रच सरळ यंत्राला जोडलें तर काय होईल?

हवाई दलाला या कल्पनेंत तथ्य वाटलें, कारण नव्या विमानांचे पंख अखंड धातूंतून कोरून काढण्याचे दिवस आले होते. जून १९४९ मध्यें करार झाला. मोटरी हुकमी चालविण्याची विद्या पार्सन्स यांच्यापाशीं नव्हती. म्हणून त्यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेला हाताशीं घेतलें. पुढें ‘भटाला दिली ओसरी’ असा प्रकार झाला. काम संस्थेच्या हातीं गेलें आणि मूळ कल्पना ज्याची तो कारखानदार बाजूला पडला. न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, शास्त्राच्या बाजूनें संस्थेचें म्हणणें बरोबर होतें. बिंदूमागून बिंदु घेऊन भागणार नाहीं, दोन बिंदूंमधील सबंध वाटेवर पात्याला ताब्यांत ठेविलें पाहिजे, हें तेथील अभियंत्यांनीं ओळखलें. सप्टेंबर १९५२ मध्यें त्यांनीं आपलें यंत्र लोकांना दाखविलें. मूळ मिलिंग मशीन सिनसिनाटी कंपनीचें. शेजारीं शेंकडों निर्वात नळ्यांनीं भरलेलीं कपाटें. आणि आज्ञा वाचावयास छिद्रें पाडलेली कागदाची पट्टी. माझ्या विद्यार्थ्याच्या तावावर ज्याला ‘कंट्रोलर’ म्हटलें होतें, आणि जो आज तळहातावर मावतो, त्याचा हा पणजोबा कपाटांत राहत असे. पार्सन्स यांना १९५८ सालीं पेटंट मिळालें, आणि १९८५ सालीं त्यांना व स्ट्यूलेन यांना अमेरिकेचें राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यांत आलें. उशिरां कां होईना, ऋण फिटलें.

परंतु वडिलांचा प्रश्न राहिलाच. त्याचें उत्तर शोधावयाचें तर १९४६-४७ कडे परत गेलें पाहिजे. त्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनींत एक दुसरें यंत्र तयार झालें होतें. त्याची रीत अशी: कसलेल्या कारागिरानें पहिला नग आपल्या हातानें, नेहमींच्या पद्धतीनें कापावयाचा. त्याच्या हाताबरोबर यंत्राच्या ज्या हालचाली होतील त्या चुंबकीय फितीवर उतरत जावयाच्या. नंतर फीत पुन्हां लाविली कीं यंत्र एकट्यानें तोच नग पुन्हां पुन्हां कापील. ग्रामोफोनच्या तबकडीवर गवयाचें गाणें उतरावें तसें कारागिराचें काम फितीवर उतरे. म्हणजे हें ब्लँचर्डच्या घराण्याचें यंत्र झालें. येथें आज्ञा लिहिणारा कारागीरच.

ही पद्धति कारखान्यांत फारशी रुजली नाहीं. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याची मोठी चिकित्सा केली आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, फितीच्या पद्धतींत कामाची नाडी कारागिराच्या हातांत राहत होती आणि मालकवर्गाला तेंच नको होतें. अंकांच्या पद्धतींत आज्ञा कचेरींत लिहिली जाते, आणि यंत्रापाशीं उभा राहणारा नुसता राखणदार उरतो. मला यांत सत्याचा मोठा अंश दिसतो. पण सगळें सत्य दिसत नाहीं. विमानाच्या पंखाचा जो वक्र कोणाच्याही हाताला आधीं साधतच नव्हता, तो फितीवर उतरणार तरी कोठून? त्या कामापुरते अंक अपरिहार्य होते. देव्हाऱ्याच्या महिरपीची गोष्ट मात्र वेगळी. तेथें हात आधीं, अंक मागून.

याच कंपनींत त्या वेळीं प्रसिद्धि-खात्यांत कर्ट व्हॉनेगट नांवाचा एक तरुण नोकरीस होता. तीं यंत्रें पाहून त्यानें ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी लिहिली. ती १९५२ सालींच निघाली. तींत एका कुशल लेथवाल्याच्या हालचाली फितीवर उतरवून घेतात. पुढें फीत कामाला राहते आणि लेथवाला बेकार होतो. म्हणजे कारागिराला विचारणारें यंत्रही त्याला जपेलच असें नाहीं. हें मीं वडिलांना सांगितलें नाहीं. आज येथें सांगतों आहें.

अंकांची बाजू जिंकली खरी, पण आरंभीं ती फार महागडी होती. हवाई दलानें स्वतःच्या खर्चानें यंत्रें घेऊन कारखान्यांना दिलीं, तेव्हां कोठें तीं चालूं लागलीं. शिवाय पट्टीवर पाडावयाच्या आज्ञा हातानें गणित करून लिहिणें हें मोठें जिकिरीचें काम. म्हणून एमआयटींत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखालीं एपीटी नांवाची भाषा तयार झाली. आकार शब्दांत सांगावा आणि संगणकानें त्यावरून पात्याची वाट काढावी, अशी तिची योजना. फेब्रुवारी १९५९ मध्यें ती जाहीर करतांना पत्रकारांना या पद्धतीनें कापलेलें अॅल्युमिनियमचें रक्षापात्र भेट म्हणून दिलें होतें. आज ज्याला कॅम म्हणतात त्या सॉफ्टवेअरचें मूळ येथें आहे.

कॅम जें लिहून देतें आणि यंत्र जें वाचतें त्या लिपीला जी-कोड म्हणतात. तिचें अमेरिकन प्रमाणरूप १९८० च्या सुमारास ठरलें, पण मोडणी त्याहून जुनी आहे. ‘जी१ एक्स१०० वाय५० एफ३०००’ अशी एखादी ओळ असते. अर्थ असा कीं, सरळ रेषेंत एक्स शंभर व वाय पन्नास या बिंदूला, मिनिटाला तीन हजार मिलिमीटर गतीनें जा. कागदी पट्टीच्या काळांतील ही तोकडी भाषा आजही बदललेली नाहीं. मोडी गेली, पण ही लिपि टिकली आहे! विद्यार्थ्याला मीं सांगितलें, “दुसऱ्या रकान्यांत कांहींही निवड, पण जी-कोड न वाचणारें सॉफ्टवेअर घेऊं नकोस. उद्यां यंत्राचा मेंदू बदलावा लागला तर लिहिलेल्या आज्ञा तरी वांया जाणार नाहींत.”

आतां हें यंत्र मोठ्या कारखान्यांतून घरांत कसें शिरलें तें पाहूं. एमआयटीच्या यंत्रांत सर्व्हो होते. म्हणजे मोटरला आज्ञा द्यावयाची आणि ती कोठवर पोंचली हें सतत विचारीत राहावयाचें. ही विचारपूस महाग पडते. घरगुती यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर असते. ती एका स्पंदाला एक ठराविक पाऊल टाकते. दोनशें पावलांत एक फेरा. पाऊल टाकलें कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं, विश्वासावर काम चालतें. पातें कोठें अडकून पाऊल चुकलें, तर तेथून पुढची सगळी नक्षी तेवढ्यानें सरकते आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. तरीही लांकडासाठीं, भार बेताचा ठेवला तर, ही मोटर पुरते आणि खिशाला परवडते.

या स्वस्त मोटरवर भिस्त ठेवून ज्यांनीं सामान्य सुतारासाठीं राउटर बनविला, त्यांत टेड हॉल यांचें नांव पहिल्या मालिकेंत येतें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत ते मज्जाशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि छंद प्लायवुडच्या होड्या बांधण्याचा. होडीच्या फळ्या अचूक कापाव्यात म्हणून यंत्र पाहूं गेले तों किंमत ऐकून परत फिरले, आणि स्वतःच बांधूं लागले. त्यांतून १९९६ च्या सुमारास शॉपबॉट ही त्यांची कंपनी निघाली. माझ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट फार आवडली. प्राध्यापकाला होडीसाठीं जें करतां आलें, तें सुताराला देव्हाऱ्यासाठीं कां येऊं नये?

सॉफ्टवेअरच्या रकान्यांत तीन नांवें होतीं: लिनक्ससीएनसी, मॅक आणि ग्रब्ल. तिन्हींचें मूळ शोधतां शोधतां एक सुंदर गोष्ट हातीं लागली. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनें, म्हणजे एनआयएसटीनें, १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं एक नियंत्रक-प्रणाली लिहविली. तिचें नांव ईएमसी. सरकारी नोकरांनीं सरकारी कामांत लिहिलेल्या मजकुरावर तेथें सरकारचा स्वामित्वहक्क राहत नाहीं. तो सर्वांचा होतो. म्हणून ती प्रणाली छंदी लोकांनीं उचलली, वाढविली, आणि २०११ सालीं, त्याच नांवाच्या एका कंपनीनें हरकत घेतल्यावर, तिचें नांव लिनक्ससीएनसी झालें. मॅक लिहिणारे आर्ट फेनर्टी यांनींही आरंभ याच प्रणालीच्या मजकुरावरून केला. त्यांनीं ती विंडोजवर नेली, आणि मॅक-तीन ही आवृत्ति घरगुती यंत्रवाल्यांत कित्येक वर्षें घरोघरीं होती. ज्या पद्धतीनें कारागिराच्या हातांतून आज्ञा काढून घेतली तिला सरकारी पैसा लागला होता, आणि ती आज्ञा परत घरीं आणणारी प्रणालीही सरकारी पैशांतूनच निघाली! इतिहासांत असे हिशेब क्वचित् जुळतात.

ग्रब्लची जन्मकथा निराळी. इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं आर्डुइनो नांवाची एक लहानशी विद्युत्-पाटी तयार झाली. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनीं २००९ सालीं त्या पाटीवर बसेल अशी नियंत्रक-प्रणाली लिहिली आणि सर्वांना मोकळी केली. पाटीची सारी स्मृति बत्तीस किलोबाइट. माझ्या शाळेच्या हजेरीपटाला सुद्धां ती पुरली नसती. तीवर तीन मोटरी एका तालांत चालतात, हें नवलच म्हटलें पाहिजे.

ताल म्हणजे किती, हें आम्ही दोघांनीं पाटीवर मांडून पाहिलें. मोटरचीं पावलें फेऱ्याला दोनशें. ड्रायव्हर त्या प्रत्येकाचे आठ तुकडे करतो, म्हणजे सोळाशें स्पंद. स्क्रूचा एक फेरा पांच मिलिमीटर. म्हणून एका मिलिमीटरला तीनशें वीस स्पंद. गति मिनिटाला तीन हजार मिलिमीटर ठेवावयाची, म्हणजे सेकंदाला पन्नास. तेव्हां सेकंदाला सोळा हजार स्पंद हवे. ग्रब्ल सेकंदाला तीस हजारांपर्यंत देतें. पुरेसें आहे. पण हांवरेपणानें आठाच्या जागीं सोळा तुकडे केले तर बत्तीस हजार होतात, आणि पाटी मागें पडते. विद्यार्थी नेमकी हीच चूक करणार होता.

हार्डवेअरच्या रकान्यांत मीं एकाच गोष्टीचा हट्ट धरला, तो चौकटीचा. त्याला प्लायवुडचा सबंध आठ फूट बाय चार फूट पत्रा घेईल असें यंत्र हवें होतें. तुळई जितकी लांब तितकी ती वांकते, आणि हें वांकणें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. तीच तुळई दुप्पट लांब केली तर त्याच भाराखालीं आठपट वांकते. देव्हाऱ्याच्या फळीला दोन फूट रुंदी पुष्कळ झाली. वांचलेला पैसा त्यानें जाड तुळईंत आणि चांगल्या सरक-पट्ट्यांत घातला. मोटर आणि पाटी पुढेंमागें बदलतां येते. चौकट बदलावयाची म्हणजे यंत्रच नवें बांधावयाचें.

एका बाबतींत मात्र माझा सल्ला चुकला, तेंही सांगून टाकतों. स्क्रू दोन जातींचे. साध्या लीड स्क्रूंत नट आट्यांवर घासत जातो. बॉल स्क्रूंत मधून गोळ्या फिरतात, घर्षण फार थोडें, चाल हलकी. मीं पुस्तक वाचून तिन्ही दिशांना बॉल स्क्रू घे म्हणून सांगितलें. एके दुपारीं काम चालू असतां वीज गेली. मोटरींतला जोर गेला, आणि हलक्या चालीच्या त्या स्क्रूवरून जड स्पिंडल आपल्याच वजनानें सावकाश घसरत खालीं आला. पातें अजून फिरत होतेंच. सागाच्या फळींत अंगुळभर खड्डा पडला. चालीचा हलकेपणा वर-खालच्या दिशेला घातक ठरतो, हें माझ्या पुस्तकानें सांगितलें नव्हतें, निदान मीं वाचलें नव्हतें. झेडला आतां बारीक आट्यांचा लीड स्क्रू आहे. तो घर्षणामुळेंच जागच्या जागीं धरून राहतो. फळीचे पैसे देऊं केले, ते वडिलांनीं घेतले नाहींत.

राहिला प्रश्न मेंदूचा. स्वस्त आणि सोपें ग्रब्लच होतें, आणि मन तिकडेच वळलें होतें. पण वडील पुन्हां त्याच जागीं आले: “माझ्या हातचें त्याला कळणार कां?” तेव्हां आम्ही स्पर्शक, ज्याला हे लोक प्रोब म्हणतात, त्याचा विचार केला. पात्याच्या जागीं एक सुई बसवावयाची. ती नक्षीला टेकली कीं वीज जोडली जाते वा तुटते, आणि त्या क्षणींची उंची यंत्राला कळते. अशा रीतीनें हातानें कोरलेली फळी बिंदूबिंदूनें चांचपून घ्यावयाची. ग्रब्लही स्पर्श ओळखतें, पण नोंद ठेवण्याचें काम बाहेरच्या संगणकावर सोडतें. लिनक्ससीएनसी स्पर्शाचे बिंदु स्वतःच एका फाइलींत लिहून ठेवूं शकतें. शिवाय त्याला पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणक चालतो, आणि तसला एक माझ्याच घरीं माळ्यावर धूळ खात होता. स्पंद वेळेवर सोडतां येतात कीं नाहीं याची तपासणी त्या प्रणालींतच असते. म्हातारा संगणक तींत उतरला. म्हणून लिनक्ससीएनसी ठरलें.

एमआयटीच्या गोष्टीला आपल्याकडे एक धागा जोडलेला आहे, तो सांगावयाचा राहिला. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला; शाळेबाहेर पडलेल्या ग्रामीण मुलांना हातानें काम करतां करतां विज्ञान शिकवावें, ही त्यांची दृष्टि. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनीं ‘फॅब लॅब’ नांवाच्या लोककर्मशाळा बाहेर काढावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांपैकीं अगदीं पहिल्यांतली एक २००२ सालीं पाबळला आली. जेथें कारागिराच्या मुठी काढून घेणारें यंत्र १९५२ सालीं दाखविलें गेलें, त्याच संस्थेकडून पन्नास वर्षांनीं हें साहित्य शिरूर तालुक्यांतील मुलांच्या हातीं आलें.

चैत्रांत वडिलांनीं एक फळी कोरून दिली. मधोमध कमळ, दोहों बाजूंस वेल. मापानें शंभर मिलिमीटर लांब व तितकीच रुंद. दर मिलिमीटरला एक बिंदु धरला, म्हणजे एका ओळींत एकशें एक, आणि एकंदर दहा हजार दोनशें एक बिंदु. एका बिंदूला तीन सेकंद. सुई साडेआठ तास टकटक करीत बसली होती, आणि वडील तिच्यासमोर पाट मांडून. रात्रीं तो मेळ संगणकावर उमटला. पाकळीच्या कडेला त्यांनीं जो किंचित् उतार दिला होता, तो एक मिलिमीटरच्या जाळींतून अर्धामुर्धाच सांपडला होता. त्यांनीं तें चटकन् ओळखलें. मुलगा जाळी अर्ध्या मिलिमीटरची करूं म्हणाला; तसें केलें तर बिंदु चौपट होऊन दीड दिवस जाईल, असा मीं हिशेब केला.

“नको,” वडील म्हणाले. “कड मी काढीन. त्याला सांग, सगळीकडे अर्धा मिलिमीटर लांकूड माझ्यासाठीं ठेवायचें.”

कॅमच्या सॉफ्टवेअरमध्यें किती लांकूड शिल्लक ठेवावयाचें तें भरण्याची एक चौकट असते. मुलानें तींत ०.५ हा अंक लिहिला. आतां दर देव्हाऱ्याची नक्षी आधीं यंत्र उतरवितें आणि मग ती फळी पडवींतून आंतल्या खोलींत वडिलांच्या पाटासमोर जाते. दिवसाकाठीं चार-पांच होतात.